राँग नंबर: संत्र्याच्या कंपनीचं काम आमच्या हातून कसं फसलं त्याची पूर्ण स्टोरी

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास क्लायंटचे फिल्डवाले काका ऑफिसात आले, हातात संत्र्यांची पिशवी, आंबिया बहाराचा (या दिवसांत तोडणीला येतो तो) पहिला माल, अजून हिरवटच होता, आणि पिशवी टेबलावर टेकवायच्या आधीच म्हणाले, "तुमच्यावालं कम्प्युटर आमच्या डायरेक्टरले राँग नंबर म्हणते म्हंता?"

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. कम्प्युटर काय म्हणून राहिलं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. प्रतापनगरच्या बाजूला एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बोर्डावर लिहिलंय डेटा सायन्स आणि डिजिटल कम्युनिकेशन, आणि ते दोन शब्द दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. आतल्या खोलीत एसी, तिथं डेटा. बाहेरच्या खोलीत कूलर, तिथं मी (मेसेज, पोस्ट, पत्रकं सगळं लिहिणारा), डिझाईनवाली पोरगी आणि फोन करणाऱ्या दोघी. सर म्हणजे मालक, पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून कोरोनात नागपूरला परत आले ते इथलेच झाले. आत बसणारा डेटावाला मूळचा वर्ध्याचा आहे पण बोलतो असं की आम्ही त्याला पुणेकर म्हणतो, आणि त्यालाही ते आवडतं असा माझा संशय आहे. फोनवाल्यांपैकी मोठी म्हणजे ताई, नरखेडकडची, लग्न होऊन नागपुरात आली, आधी एका कुरिअरच्या ऑफिसात होती. नावं कोणाचीच टाकत नाही, गरजही नाही. अकाउंटवाले काका अर्धा दिवस येतात. झाले सात.

क्लायंट म्हणजे काटोल-नरखेड पट्ट्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, संत्रावाल्यांची. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय (त्या भागाचाच माल म्हणून नावाची सरकारी नोंद) मिळाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण बगिच्यातला माल विकला कसा जातो हे शहरातल्या लोकांना फारसं माहीत नसतं. बहुतेक ठिकाणी व्यापारी येतो, झाडावरचा माल डोळ्यानंच जोखतो आणि अख्खा बगीचा ठोक्यात घेतो. मग तोडणी त्याची, गाडी त्याची, नागपुरात कळमन्याच्या बाजारात न्यायचं का बांगलादेशाकडं पाठवायचं ते त्याचं तो बघतो. या कंपनीला ते मोडायचं होतं. सभासदांनी तोडणीची नोंदणी आधी करायची, कंपनी त्याप्रमाणं गाड्या लावणार, वजनावर पैसे देणार. सगळं काम नोंदणीवर उभं, आणि नोंदणी उभी मेसेजवर. ते मेसेज आमच्याकडं.

यादी आली ३,१०० नंबरांची आणि काय यादी होती बाप्पा. अर्धी जुन्या कृतिदेव फाँटात टाईप केलेली, म्हणजे युनिकोडमध्ये उघडली की नुसता रोमन अक्षरांचा कचरा, तो कन्व्हर्ट केला तर जोडाक्षरं फुटलेली, एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीन वेळा, पत्त्यात "मारुतीच्या देवळामागे" (गाव कोणतं ते नाही). पुणेकरानं आठवडाभर बसून ते साफ केलं आणि ते काम त्यानं खरंच झकास केलं, हे आधीच लिहून ठेवतो कारण पुढं त्याच्याबद्दल वाईट लिहायचं आहे.

साफ झालेल्या यादीवर जूनमध्ये दोघींनी फोन केले. फोन लागला की फॉर्म उघडायचा, प्रतिसादाचा ड्रॉपडाउन, त्यात चार पर्याय: इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, लागला नाही, राँग नंबर. एक निवडल्याशिवाय सेव्ह बटण उघडत नव्हतं. खाली एक नोट्सचा रकाना होता, तो भरा किंवा नका भरू. आणि दोघींना पैसे सेव्ह झालेल्या कॉलवर.

जुलैत पहिला मेसेज गेला, सगळ्या ३,१०० ला, पावसाळ्यातल्या बगिच्याच्या काळजीचा. २,१९० लोकांनी वाचला, म्हणजे ७१ टक्के. सरांना ते कमी वाटलं. मग पुणेकरानं डोकं लावलं की ज्यांना पाठवून उपयोग नाही त्यांना काढून टाकू, पैसेही वाचतील, आणि राँग नंबर लागलेले ६४० लोक यादीतून उडवले. ऑगस्टचा मेसेज २,४६० ला गेला आणि वाचला ८९ टक्क्यांनी! डॅशबोर्डवरचा डोनट (टक्केवारी दाखवणारा गोल चार्ट) एकदम हिरवागार. क्लायंटच्या मीटिंगमध्ये सरांनी तो स्क्रीनवर लावला, डिझाईनवालीनं त्याला संत्र्याचा आकार दिला होता, वरती छोटी दोन पानं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

वाचणारे किती होते माहीत आहे का? २,१९०. तेवढेच. एकही माणूस वाढला नव्हता, भागायचा आकडा लहान झाला होता. चौथीतल्या पोरालाही कळेल असा हिशोब, पण टक्केवारीचा डोनट समोर फिरत असला की कोणी अंश-छेद काढून बसत नाही. वर परत, "वाचलं" म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची निळी टिक. ज्यानं व्हॉट्सअ‍ॅपात रीड रिसीट बंद ठेवली त्यानं वाचूनही आमच्याकडं ते येत नाही. म्हणजे ७१ सुद्धा पक्का नव्हता, आम्ही मात्र त्याला पक्का धरून ८९ वर नाचत होतो.

सप्टेंबरात नोंदणीचा मेसेज गेला. तोही त्या २,४६० लाच.

आता फिल्डवाल्या काकांचं ऐका. डायरेक्टर म्हणजे कंपनीचेच एक संचालक, स्वतःची हजाराच्या वर झाडं, त्यांना नोंदणीचा मेसेज आला नाही. त्यांना माहीत होतं अर्थात, मीटिंगला तेच बसतात, त्यांनी आपली नोंदणी तोंडी लावली. पण त्यांच्या गावातल्या आणखी पाच-सहा मोठ्या बगीचेवाल्यांनाही नाही आला, आणि त्यांनी वाट बघून बघून व्यापाऱ्याला माल देऊन टाकला. काका म्हणाले, "लहान्या लोकायची नोंदणी झाली सारी. गाड्या लावल्या आमी. अन मोठा माल कुठी हाय तं व्यापाऱ्याच्या गाडीत." कंपनीनं गाड्यांचं भाडं ठरवलं होतं एका अंदाजावर आणि माल आला त्याच्या बराच खाली. किती खाली ते त्यांचं आहे, मी लिहीत नाही.

पुणेकरानं लगेच फाईल उघडली, डायरेक्टरचा नंबर शोधला. स्टेटस: राँग नंबर. कॉल कोणी केला: ताई. तो खुर्ची फिरवून म्हणाला, "हे बघा, डेटा जसा आला तसा वापरला गेला." ते "वापरला गेला" माझ्या अजून डोक्यात आहे. मराठीत कर्ता लपवायचा असला की माणूस असंच बोलतो.

ताई काही बोलली नाही. उठली, पर्समधून वही काढली, दोनशे पानी, कव्हरवर कोणत्यातरी शाळेचं नाव खोडलेलं, पोराची उरलेली असेल. पान उघडून टेबलावर ठेवलं. तारीख, नंबराचे शेवटचे चार आकडे आणि पुढं: "मुलगा हिंजवडीत. म्हणते मी शेती करत नाही. बाबा करतात. बाबाजवळ साधा फोन. आठनंतर घरी." खालच्या ओळीवर दुसरा: "सून बोलली. मालक बगिच्यात. नंबर तिचाच हाय." असं पानंच्या पानं. मग म्हणाली, "हे म्या नोट्समंदीबी टाकलं होतं. साऱ्यांचं. तुमच्या चारात हे बसत नाई तं मी काय करू? सेव्हच होत नोतं."

मुलगा म्हणतो मी शेती करत नाही, माझ्या नावावर नाही, मग तो इंटरेस्टेड नाही आणि नॉट इंटरेस्टेडही नाही, फोन लागला तर आहेच. उरलं काय? राँग नंबर. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच दाबलं असतं.

आणि नोट्सचा रकाना? तो पुणेकराच्या स्क्रिप्टात अगदी सुरुवातीच्या ओळींतच उडवला होता. तो म्हणाला, फ्री टेक्स्ट आहे, अर्धा रोमनमध्ये, अर्धा देवनागरीत, अर्धा वऱ्हाडीत, मॉडेलला नॉइज. (तीन अर्धे झाले, हे त्याला आम्ही नंतर सांगितलं.) त्याचंही पूर्ण चूक नाही, असा रकाना मशीनला खाऊ घालणं कटकटीचंच काम आहे. पण उडवण्याआधी वीस ओळी वाचायला काय जात होतं?

सर बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एकच विचारलं, "फॉर्म कोणी बनवला होता?"

मी बनवला होता. वीस मिनिटांत, जेवायला जायच्या घाईत, एका इन्शुरन्सवाल्यांच्या जुन्या फॉर्मवरून कॉपी मारून. इन्शुरन्समध्ये एक नंबर म्हणजे एक माणूस, पॉलिसी त्याची, हप्ता त्याचा, म्हणून चार पर्याय पुरतात. संत्र्याच्या घरात सातबारा आजीच्या नावावर, शेती बाबा बघतात, सिम पोराच्या आधारवर, सभासद फॉर्मवर नंबर त्याचाच कारण ओटीपी त्याच्या फोनवर येतो, आणि व्यापाऱ्याशी बोलतो काका. एका नंबरामागं चार माणसं. आणि बघा, ज्यांची पोरं शिकून पुण्या-हैदराबादला गेली ती घरं बहुतेक मोठ्या बगिच्याचीच, बगिच्यानंच शिकवलंय त्यांना. म्हणजे राँग नंबरचा शिक्का बरोबर तिथंच बसत गेला जिथं माल जास्त होता. पुणेकरानं ६४० उडवताना कुठं चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, त्यानं नेमके मोठे लोक उडवले होते आणि त्याला पत्ताही नव्हता.

इथं मला एक आठवलं ते सांगतो, थोडं बाजूला जाऊन. आपले सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, संख्याशास्त्रातला मोठा माणूस, पुढं जागतिक अन्न आणि शेती संघटनेत गेले, १९७१ ला पद्मभूषण. १९४०च्या दशकात ते पीककापणी प्रयोगांवर काम करत होते, म्हणजे शेतात एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाचं उत्पादन काढायचं. त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं. कारण अगदी साधं, कडेवरचं झाड आत धरायचं का बाहेर हे दोरी धरणारा माणूस ठरवतो आणि त्याचा हात आत धरण्याकडं जातो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्यात कड जास्त. महालनोबिस, संख्याशास्त्रातलंच दुसरं मोठं नाव, त्यांनीही हे माणसाच्या हाताचं प्रकरण ओळखलं होतं, त्यांची पद्धत अशी की एकाच भागात दोन वेगळ्या टोळ्या वेगवेगळे नमुने घेऊन पाठवायच्या आणि दोघींचे आकडे ताडून बघायचे. हे सगळं कॉलेजात शिकलो होतो, मार्कही पडले होते, आणि माझ्याच ऑफिसात दोरी ताईच्या हातात होती आणि कड मी आखली होती हे मात्र संत्र्याची पिशवी घेऊन काका आल्यावर कळलं.

तर तेच केलं मग. त्या ६४० मधले २०० नंबर चिठ्ठ्या टाकून काढले आणि दोघांना दिले, एक ताई, एक मी, एकमेकांचं बघायचं नाही. ड्रॉपडाउन बंद, कोरा कागद. चार दिवस लागले. ११८ नंबरांवर दोघांचंही एकच निघालं की घर सभासदाचंच आहे, फोन उचलणारा दुसरा. ३१ दोघांच्याही मते खरंच राँग, कोणी गोंदियाचा, कोणी तर इंदूरचा. आणि ५१ वर दोघांचं जमलं नाही, आणि या ५१ मध्ये खरी गंमत होती.

मी फोन केला की माझं "नमस्कार, मी अमुक कंपनीतर्फे बोलतोय" ऐकून लोक समजायचे लोनवाला आहे, नाहीतर क्रेडिट कार्डवाला, कट. एकानं तर मला सांगितलं की तुमी लोकं डोकं खाऊन राहिले सकाळपासून. ताई त्याच नंबरवर काय म्हणायची? "राम राम भाऊ, बाबा हायेत काय घरी? संत्र्याच्या कंपनीतून बोलून राहिली, तोडणीचं विचारायचं होतं." तोडणी हा शब्द पहिल्या दोन वाक्यांत. समोरचा पोरगा पुण्याच्या ऑफिसात बसला असला तरी लगेच, "थांबा ताई, बाबाचा नंबर देतो." मी तेच वाक्य पाठ करून म्हणून पाहिलं, थोडं जमलं, पण "बोलून राहिलो" माझ्या तोंडून नाटकातलं वाटतं, धरमपेठेत वाढलेला माणूस मी.

मग मेसेज. इथं माझं दुसरं पाप बाहेर आलं. साध्या फोनवाल्यांना एसएमएस जात होता आणि त्याचा हिशोब मी कधी धड बघितला नव्हता. इंग्रजी एसएमएस एका भागात १६० अक्षरं घेतो, देवनागरी ७०, आणि एकापेक्षा जास्त भाग झाले की प्रत्येकी ६७. वर परत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजतात. "संत्रा" दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सहा. माझा नोंदणीचा मेसेज "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो" पासून सुरू व्हायचा, म्हणजे पहिला अर्धा भाग सन्मानातच संपला, आणि तारीख होती तिसऱ्या भागात. तीन मेसेजचे पैसे क्लायंटच्या खिशातून, आणि साध्या फोनच्या छोट्या स्क्रीनवर तारखेपर्यंत खाली सरकवत कोण जातंय? नवीन केला: "संत्रा तोडणी नोंदणी १० तारखेपर्यंत. मिस कॉल द्या", पुढं नंबर. एका भागात बसला, मोजून. पण लगेच पाठवता येत नाही ना, ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणं एसएमएसचा प्रत्येक नमुना डीएलटी नावाच्या नोंदणी पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, शब्द बदलले की परत रांगेत. तारीख मात्र व्हेरिएबलमध्ये टाकली, म्हणजे पुढच्या वेळी बदलता येईल. सन्माननीय गेल्याबद्दल एका जुन्या सभासदानं तक्रार केली, ती रास्तच आहे, पण काय करणार.

रेकॉर्डेड कॉलही करून पाहिला, पहिला साफ फसला. डिझाईनवालीचा आवाज गोड आहे म्हणून तिचा लावला, लोक "हॅलो? कोण बोलते? हॅलो?" करत रेकॉर्डिंगवरच बोलत राहायचे आणि पाचव्या सेकंदाला ठेवून द्यायचे. मग फिल्डवाल्या काकांना बसवलं ऑफिसात, कूलर बंद करून, मोबाईलवरच रेकॉर्ड केलं. काका रेकॉर्डिंगलाही "ऐकून राहिले ना?" असं विचारतात आणि मध्ये थांबतात, उत्तराला जागा ठेवल्यासारखं. ते आम्ही कापणार होतो, ताई म्हणाली राहू द्या. राहिलं. लोक त्या थांब्यात "हौ" म्हणतात आणि पुढचं ऐकतात.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. पोराचा नंबर, माहिती बाबाची, संमती कोणाची? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला तेव्हा आमच्याकडं त्याची एक पीडीएफ सगळ्यांना फॉरवर्ड झाली आणि कोणी वाचली नाही. आता ताई फोनवर स्पष्ट विचारते, या नंबरवर बाबांचे मेसेज पाठवले तर चालतील का, बाबांना विचारून सांगा. काही पोरं म्हणतात नको, मला नका पाठवू, बाबाला फोन करा. त्यांचं वेगळं लिहितो आणि पाठवत नाही. टक्केवारी त्यानं खाली येते, येऊ दे.

ऑफिसात काय बदललं? पुणेकराची खुर्ची बाहेरच्या खोलीत आली, कूलरसमोर, आठवड्यातून दोन दिवस, तो त्याला शिक्षा समजतो. नोट्सचा रकाना आता उडत नाही, तो आणि ताई मिळून त्याच्या खुणा पाडतात: फोन कोणी उचलला, शेती कोण करतं, किती वाजता. डॅशबोर्डवर टक्क्याच्या आधी किती जणांपैकी ते लिहायचं हा सरांचा नियम. माझा फॉर्म आता कोणी कॉपी मारू नये म्हणून मी फोल्डरच डिलीट केलं, ते जरा जास्तच झालं, इन्शुरन्सवाले परत आले तर लागला असता.

कॉलवर पैसे द्यायचं बंद करून तासावर द्यावेत यावर मात्र बरंच वाजलं. सर म्हणाले बजेट बसत नाही. ताई म्हणाली, "वही तुमी मागून राहिले रोज, तिचे पैसे कोण देते?" सर त्या वहीची झेरॉक्स काढायला निघाले होते, तिनं दिली नाही, म्हणाली माझी आहे. शेवटी दिवाळीनंतर दोघींना तासावर केलं, वहीचे वेगळे काहीच नाही, ते मला पटलेलं नाही आणि मी ते सरांना बोललोही आहे.

डायरेक्टर साहेब बाकी मजेत आहेत. ताईनं त्यांच्या पोराकडून त्यांचा खरा नंबर घेतला, आता फोन केला की ते उचलून आधी म्हणतात, "बोला, राँग नंबर बोलून राहिलो."

क्लायंटनं आंबियाचं बिल अर्धं दिलं, अर्धं थांबवलं, आणि मृगाच्या बहाराचं काम दिलंय, ते झालं की बघू म्हणाले. त्याची तोडणी फेब्रुवारीपासून लागेल, म्हणजे नोंदणीचा मेसेज जानेवारीत. ५१ पैकी १९ नंबर अजून कळायचे आहेत, ताई रोज आठनंतर घरून दोन-तीन लावते.